गुरुजींचा हातगुण

सोमवारपासून रेवती सामंत यांच्या नाहूरमधल्या रक्ततपासणी केंद्राचे संकेतस्थळ उघडले, की एका अंकशास्त्र्याची जाहिरात दिसे. रुग्णांना अहवाल मिळेनात.

"संकेतस्थळाचं नाव, डोमेन, कोणत्या कंपनीकडून घेतलंस? चौकशी केली होतीस?" थोरल्या भावाने, मुकुलने विचारले.

"कंपनीचं काय एवढं, दादा? आकडे जुळणारं नाव गुरुजींनी काढून दिलं आणि स्वतःच नोंदवलं. हातगुण आहे त्यांचा."

"आणि ओटीपी?"

"माझ्या फोनवर येईना, मुहूर्त टळत होता. मग त्यांनी त्यांचाच नंबर टाकला."

"रक्ताचा नमुना मात्र तू दोनदा तपासतेस."

मुकुलने नोंदणी उघडून पाहिली. संकेतस्थळ कोणी पळवले नव्हते. डोमेनचा मालक पहिल्या दिवसापासून तो अंकशास्त्रीच होता, रेवतीचे गुरुजी.