पोळ्याचा मान

शिवकांताअक्कांनी पुढं केलेल्या पुरणपोळीकडं बघून चांद्या बैलानं तोंड फिरवलं, तेव्हाच लिंबाजीच्या काळजात चर्र झालं.

"अक्का, बस आता. लई घरं झाली त्याची."

"अरे, वर्षाचा सण! आमच्या दावणीला बैल हाय का आता? मी काय ट्रॅक्टरला घास भरवू?"

अक्का हसल्या, पण डोळे भरले होते. दुष्काळात त्यांचे बैल हाळीच्या गुरांच्या बाजारात गेले, ते गेलेच. पुढं पाऊस आला, बैल काही आले नाहीत. ज्वारी गेली, सोयाबीन आलं. कडबाच नाही तर दावणीला काय बांधणार? सगळ्या गावाचं तेच. उरली ती लिंबाजीची जोडी, चांद्या आणि हणम्या. त्याचं रान माळावरचं, दगडगोट्याचं, तिथं ट्रॅक्टर चढत नाही.

अक्कांनी जबडा धरून घास आत सारला. हणम्या शिंगं हलवायचा, म्हणून बाया त्याच्या वाटेला जात नव्हत्या. चांद्या गरीब. सगळा नैवेद्य त्याच्याच तोंडात.

लिंबाजीच्या बापाचे बैल पोळ्याला सगळ्यात मागं, धुळीत उभे राहायचे. आज वाजंत्री लिंबाजीच्या पुढं वाजत होती. ज्या ओसरीसमोरून बाप मान खाली घालून गेला, तिथं लेकाच्या बैलाचे पाय धुतले जात होते. खोटं कशाला बोला, माणूस सुखावला होता. आणि सणाच्या दिवशी दारातल्या बाईला नाही म्हणायचं तोंड कुणाला असतं? तो पुढच्या दारात गेला. मग त्याच्या पुढच्या.

तिन्हीसांजेला चांद्या मारुतीच्या पारापाशी बसला, तो उठेना. डावी कूस तट्ट फुगलेली. लिंबाजीनं गोडंतेल पाजलं, पोट चोळलं. मुखेडच्या गुरांच्या डॉक्टरनं फोनवर विचारलं, "खायला काय घातलं?"

"पोळा हाय ना, डॉक्टर."

"अहो, पण किती?"

लिंबाजीनं भोवती जमलेल्या बायांकडं पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली.

"गावभर जेवला," तो म्हणाला, आणि त्याला हुंदका फुटला.

डॉक्टर वाटेत असतानाच चांद्यानं मान टाकली. अक्का मटकन खाली बसल्या. "मायेनं घातलं रे आम्ही, मायेनं घातलं," एवढंच म्हणत राहिल्या.

तेवढ्यात खालच्या आळीची धुरपताबाई काठी टेकत आली. एकटी म्हातारी, तिच्या दारापर्यंत मिरवणूक पोचलीच नव्हती. हातात ताट, ताटात एकच पोळी. अंधारात तिला काही उमगलं नाही.

"लिंबाजी, बैल कुठं रं? माझा निवद ऱ्हायला की बाबा."

कुणी काही सांगायच्या आत, बाजूला बांधलेल्या हणम्यानं मान लांब केली. दिवसभर उपाशीच होता तो. त्यानं पोळीला जीभ लावली.

पोळ्याच्या दिवशी बैलावर कुणी हात उगारत नाही. लिंबाजीनं हणम्याच्या तोंडावर फाडकन मारली. बैल बावरून मागं सरला, गळ्यातली घुंगरमाळ वाजली. मग लिंबाजी त्याच्याच गळ्यात पडला.

"नगं खाऊ रे बाबा," तो म्हणत होता, "नगं खाऊ."