लोंबोकचं शेपूट

लास्त्रीनं पिंजऱ्याचं जाळीचं दार कोपरानं ढकललं आणि आतून फस्स असा आवाज आला.

बाहेर टपरीवर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. "काकू, दोन पुडे पेचेल, चटणी जास्त!" तिच्या हातात पेचेलसाठी उकडलेल्या भाज्यांचं पातेलं. तिनं मागं वळून पाहिलं, तर लोंबोकचं शेपूट दाराच्या फटीत चेंगरलेलं, आणि तो अख्खा काळाठिक्कर पडलेला.

"अगं बाई गं!" पातेलं तिथंच आदळून ती धावली.

लोंबोक म्हणजे त्यांच्या बोलीत मिरची. हिरवागार आणि तिखट, म्हणून तिच्या लेकानं, गिलांगनं, या रंग बदलणाऱ्या सरड्याचं नाव तसं ठेवलं होतं. तैवानला कारखान्यात नोकरीला निघताना पठ्ठ्या "आई, तब्येत सांभाळ" म्हणाला नाही, "लोंबोकला सांभाळ" म्हणाला. बाप गेल्यापासून मायलेकांचं बोलणं 'जेवलास का' आणि 'हो, जेवलो' एवढ्यावर आलं होतं. सरड्यामुळे मात्र दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. किडे किती खाल्ले, कात टाकली का, शेपूट गुंडाळून झोपतो ते दाखव. मग त्याच ओघात आईच्या गुडघ्याचीही चौकशी व्हायची. सरडा गेला की फोनही गेला, हे लास्त्री ओळखून होती.

"कशाला एवढा जीव टाकतेस?" शेजारची तुमिनी म्हणाली. "पालीचं तुटतं आणि परत येतं. याचंही येईल."

लास्त्रीला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. तिनं हळद लावली आणि वाट बघितली. शेपटाचं टोक वाळलं, मग काळं पडलं, आणि काळेपणा वर सरकायला लागला. तेव्हा मात्र तिनं टपरी बंद ठेवली, लोंबोकला टोपलीत घातलं आणि शहरातल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई गाठल्या.

"हळद लावलीत?" डॉक्टर हेस्ती म्हणाल्या. "फोडणी नाही दिलीत हे नशीब. अहो, ही पाल नाही. याचं शेपूट म्हणजे पाचवा हात. गेलं की गेलं, परत येत नाही."

"मरेल का हो?"

"खराब झालेलं कापलं नाही तर मरेल. कापलं तर चिडेल, पडेल, मग शिकेल. फांद्या खाली बांधा, आडव्या. खाली काहीतरी मऊ घाला."

"माझ्या हातून झालं," लास्त्री म्हणाली, आणि भर दवाखान्यात रडली.

शेपूट कापल्यानंतरच्या रविवारी तिनं फोन लोंबोकच्या तोंडाला असा भिडवला की पडद्यावर नुसता गरगरणारा डोळा. गिलांग काही बोलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. एरवी शेपूट दाखव म्हणून हट्ट धरणारं पोर, पण हल्ली विचारायचंच विसरलं होतं. देवच पावला म्हणायचा!

पोरगंही जरा बदललं होतं. पूर्वी फोन घेऊन खोलीभर हिंडायचा, आंबा कापता कापता बोलायचा. आता उशीला टेकून बसायचा आणि पडदाभर त्याचाच चेहरा. लास्त्रीला ते फार आवडायचं, लेक जवळ आल्यासारखा वाटायचा. निरोपही आता लिहून पाठवत नसे, बोलून पाठवायचा. "लिहायचा कंटाळा येतो, आई." तो आवाज ती चटणी वाटताना पुन्हा पुन्हा ऐकायची.

इकडे लोंबोक पडत होता. तिनं पिंजऱ्यात जुनी गोधडी अंथरली, त्याला हातानं किडे भरवले, पडला की परत फांदीवर ठेवलं. एके दिवशी तो न पडता या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. लास्त्रीला इतका आनंद झाला! पण सांगायचं कुणाला?

आणि मग निरोप आला. "आई, मी घरी येतोय. मालकानं लवकर सोडलं."

करार संपायला अजून बराच अवकाश होता. पण तिच्या डोक्यात दुसरं काही शिरेचना. शेपूट!

"बाजारातून दुसरा आण," तुमिनीनं सुचवलं. "सगळे सारखेच तर दिसतात."

"माझं पोर हरवलं तर बाजारातून दुसरं आणशील?" लास्त्री कडाडली.

गिलांग आला तो भर दुपारी, एवढ्या उकाड्यात जाकीट घालून, एका खांद्यावर पिशवी. वाळला होता. लास्त्री लोंबोकला खांद्यावर घेऊनच फाटकात उभी होती. तिला दम धरवेना.

"शेपूट गेलं रे त्याचं. मीच दारात चेंगरलं. मग वेड्यासारखी वाट बघत बसले. तुझ्यापासून लपवलं. काय बोलायचं ते बोल, पण फोन बंद करू नकोस."

गिलांग लोंबोककडे बघत राहिला. मग हसला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"मला कळलं होतं, आई."

"कधी?"

"पहिल्याच रविवारी. तू नुसतं तोंडच दाखवत होतीस ना."

"मग बोलला का नाहीस, मेल्या? मी इथं रोज झुरून मरत होते!"

लास्त्रीनं डोळे पुसले. केवढं ओझं उतरलं होतं! मग तिच्या लक्षात आलं, या गडबडीत लेकानं अजून रीतीप्रमाणे नमस्काराला तिचा हात कपाळाला लावला नाही. तिनं उजवा हात पुढं केला.

गिलांगनं पिशवी खाली ठेवली आणि डाव्या हातानं तिचा हात धरला.

"डावा? आईला डावा हात?" ती लटक्या रागानं म्हणाली. "परदेशात जाऊन रीतभात विसरलास वाटतं!"

"विसरलो नाही, आई," गिलांग म्हणाला, आणि त्यानं जाकिटाची उजवी बाही वर सारली. मनगटाच्या पुढे काहीच नव्हतं.