सात काळी लिंबं

लेकीने मागवलेल्या 'मटण मंदी' नावाच्या अरबी भातातून काळं, सुकलेलं लिंबू वर आलं आणि माझा घास हातातच राहिला.

"अगं, अरबी मसाला आहे तो," ती हसली. "आता आपल्या मिरजेतही मिळतो."

ती चार महिन्यांची होती तेव्हा हे मस्कतला हार्ट अटॅकने गेले. यांची बॅग घेऊन अश्रफभाई आला. तिकडे दोघं एका खोलीत राहायचे, एकाच ताटात जेवायचे. बॅगेत अशीच सात लिंबं निघाली. सासूबाईंनी ती पाहिली आणि किंचाळल्या, "यानंच करणी केली माझ्या पोरावर." भावकीने त्याला मारत अंगणाबाहेर काढलं. लिंबं आम्ही कृष्णेत सोडली. त्यानंतर तो कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही.

"बाबा तिकडे हेच खायचे का गं?" लेकीने विचारलं.

मार खातानाही अश्रफभाई माझ्याकडे बघून सांगत होता, "वहिनी, मसाला आहे हो. तुम्हाला भात करून घालायचा म्हणून त्यानंच घेऊन ठेवलेली."

तेव्हा दार मीच लावून घेतलं.