झुमुरची वाटी

"तोंड उघड गं बाई! एकच घास!"

जोबेदाने चमचा लेकीच्या ओठांना टेकवला. झुमुरने दात आवळले, मान फिरवली. खिचुडी गळ्यावरून ओघळली. पाच वर्षांची पोर, पण नुसती हाडं आणि कातडी.

बांगलादेशातल्या बारिशालच्या या इस्पितळात, रोडावलेल्या पोरांच्या वॉर्डात, ती आल्यापासून जीव मुठीत धरून होती. आल्या दिवशीच खिडकीजवळच्या खाटेवरचं लेकरू गेलं. त्याच्या आईने हंबरडा फोडला, तेव्हा जोबेदाने झुमुरच्या डोळ्यांवर पदर धरला. पदर काढला, तर खाट रिकामी.

"आम्मा, तो कुठे गेला?"

"गप! तिकडे बघायचं नाही."

आज डॉक्टरीण रक्ताच्या तपासणीचं सांगायला आली. "जोबेदा, हिला रोग काही नाही. पोट रिकामं झालं की एक संप्रेरक रक्तात उतरतं आणि मेंदूला सांगतं, खायला घाला. हिच्या रक्तात ते उतू चाललंय. पोरीला सपाटून भूक लागलीय."

"मग खात का नाही, आपा? कुणाची नजर लागली मेल्याची?"

"तेच मला कळेना. उद्या नाकातून नळी घालू."

या अल्ला! खिडकीजवळच्या लेकरालाही नळीच होती. जोबेदाने लेकीला समोरची खाट दाखवली. चार दिवसांपूर्वीपर्यंत तिथे आंगुरी होती. खाऊ लागलेलं पोर घरी धाडायचं, असा वॉर्डाचा नियम. निघताना आंगुरीची आई एकेकीच्या गळ्यात पडून रडली. निरोपाला रडायचं, ही इथल्या बायकांची रीतच.

"बघ, आंगुरी कशी वाटी चाटूनपुसून खायची! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि तू? माझा जीव घेतेस का गं?"

वाटीकडे बघून झुमुरच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. तिने आईचा पदर ओढला आणि स्वतःच डोळ्यांवर घेतला.

"आंगुरीने सगळं खाल्लं," पदराआडून ती म्हणाली, "मग तिची आईपण रडली, आणि तिचीपण खाट रिकामी झाली. आम्मा, मला खूप भूक लागलीय गं. पण मला नाही मरायचं."