वाढीव वॉरंटी

पप्पांची दृष्टी गेली, तेव्हापासून दर रविवारी फ्राउके त्यांना त्यांच्याच जुन्या, आलिशान गाडीतून समुद्राकाठच्या त्याच कॅफेत केक खायला नेत होती. पप्पा मागच्या सीटवर बसायचे, टॉयलेट रोल झाकायला आईने विणलेली टोपी मांडीवर घेऊन तिच्यावरून बोटं फिरवत, आणि तिथूनच तोंडाने गाडी चालवायचे: “ब्रेक उशिरा दाबलास!” आज गाडी तपासायला आणली होती, तर वर्कशॉपवाला खिडकीत वाकून म्हणाला, “गिअरबॉक्स ठणठणीत आहे, पण या वयात भरवसा नाही. वाढीव वॉरंटी घेताय?” “छे! म्हाताऱ्या गाडीवर कशाला पैसे घालायचे?” फ्राउके म्हणाली. “आणि गिअरबॉक्स गेला तर?” पप्पांनी विचारलं. “गेला तर गेला! सुटलो एकदाचे!” “कोण कोण?” पप्पांची टोपीवरची बोटं थांबली. फ्राउकेने वर्कशॉपवाल्याकडे पाहिलं; तो बुटांकडे बघत होता. “द्या,” ती म्हणाली, “दोन वर्षांची.” पप्पांची बोटं पुन्हा फिरू लागली. “तीनची नसते का हो?”