वामनरावांचे अडकित्ते

वामनरावांनी पोरीकडे एकदाच पाहिलं. तेही ती पानाचं तबक घेऊन वाकली म्हणून. मग नजर तबकात गेली ती तिथंच राहिली.

"हा कोठला जी?" त्यांनी अडकित्ता उचलला. पितळी होता, घोड्याच्या तोंडाचा, मुठीला घुंगरं. सुपारी कातरली की वाजायचा.

बायकोच्या माहेरचा, कुहीचा, असं पोरीच्या बापानं, गोपाळरावांनी सांगितलं. विचारलं नव्हतं तेही सांगितलं, की सासूबाईंनी मरताना लेकीच्या हातात दिला.

पाहुणे खापरखेड्याहून आले होते, बाप आणि मुलगा. मुलगा मधुसूदन तिथल्या वीजघरात कामाला. टेरिकॉटचा बुशशर्ट, तेलानं चापलेले केस. बसल्यापासून भिंतीवरच्या कॅलेंडरातली लक्ष्मी पाठ करत होता. पोरीचं, कौशल्येचं, वय पंचविशीला टेकलेलं. याआधी जे जे येऊन गेले ते पोहे खाऊन, पत्र पाठवतो म्हणून गेले होते. म्हणून गोपाळराव आज सकाळपासून वाकलेलेच होते. इतके, की पाहुण्याला पाय ठेवायला पाठ आयती मिळावी.

वामनराव सांगायला लागले. माणसाला काही छंद पाहिजे. कोणी तिकिटं जमवतं, कोणी काडीपेटीचे छाप. ते पोरांचे खेळ. त्यांच्याकडे अडकित्ते होते. बैठकीची अख्खी भिंत भरली होती. उमरेडचा मोर, काटोलचा पोपट, भंडाऱ्याची नवरा-बायकोची जोडी. वीजघरातले साहेब लोक चहाच्या निमित्तानं ती भिंत पाहायला येत म्हणे. गोपाळरावांनी तोंडभर कौतुक केलं आणि विचारलं, सुरुवात कशी झाली?

"योगायोग म्हना. मोठ्या पोरासाठी उमरेडले पोरगी पाहाले गेलो होतो. पोरगी काही जमली नाही. पन अडकित्ता असा, का मी पाहातच राहिलो. त्याहिनं आपल्या हातानं कागदात गुंडाळून देल्ला. तेथून लागला नाद. आता तं स्थळ आलं का मी पयले इचारतो, मानसं जुन्या वळनाची आहेत काय."

ते हसले. गोपाळरावही हसले. हसता हसताच त्यांनी कोनाड्यातलं वर्तमानपत्र ओढलं आणि अडकित्ता गुंडाळायला घेतला. मुलीकडच्या माणसाला पाहुण्याच्या मनातलं न सांगता कळावं लागतं.

पार्वतीबाई, कौशल्येची आई, दाराला टेकून उभी होती. तिनं विचारलं, काटोलले काय झालं? वामनराव म्हणाले, तिथलं पातं अस्सल पोलादाचं, आजही केसासारखी सुपारी उतरते. अन् भंडाऱ्याले? ते काम ओतीव, फक्त नवऱ्याचं नाक झिजलेलं. सारं त्यांच्या ध्यानात होतं. मुठी, बिजागऱ्या, कोणत्या पितळेत जस्त जास्त.

"अन् त्या पोरी?" पार्वतीबाई म्हणाली.

"कोन्त्या पोरी?" वामनराव म्हणाले.

मधुसूदनानं कॅलेंडर सोडून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्याला माहीत होतं. मोठ्या भावाचं लग्न होऊन गेलं होतं, आणि त्यानंतर ती भिंत याच्याच नावावर वाढत होती. बापाला मागे बसवून स्कूटर हाच चालवायचा. तोंड मात्र त्यानं आज फक्त पोहे खाण्यापुरतं उघडलं होतं.

पार्वतीबाई पुढे आली आणि नवऱ्याच्या हातातून पुडकं काढून घेतलं.

"आमच्याकडं आल्या-गेल्याले सुपारी देतेत. अडकित्ता घरी राहाते."

"अवं, काय बोलून राहिली तू," गोपाळराव दबक्या आवाजात म्हणाले.

वामनरावांना राग आला नाही. रागाला थोडी लाज लागते. त्यांनी पुडक्याकडे पाहत जरा विचार केला आणि मांडीवर थाप मारली.

"असं करा. पोरगी आमाले पसंत आहे, समजा. आता तं झालं? आता तं तुमचं-आमचं एकच झालं."

गोपाळरावांचे हात आपोआप जोडले गेले. डोळे भरून आले. ज्या शब्दासाठी त्यांनी इतक्या जणांना दारापर्यंत पोचवलं होतं, तो शब्द आज घरात येऊन बसला होता. दे वं, दे, असं ते बायकोला पुन्हा पुन्हा म्हणत होते.

पार्वतीबाईनं दिलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. मन तिचं जळत होतं, पण संसार पोरीचा होता. आणि यानंतर दारात कोणी येईल याचा भरवसा तिलाही नव्हता. तिनं कौशल्येकडे पाहिलं.

"बोल वं. येथं तुले कोनी इचारलं नाही. मी इचारून राहिली."

कौशल्या बापाशी बोलली नाही, ना आपल्या, ना त्याच्या. तिनं मान वर करून मधुसूदनाला विचारलं, "तुमाले पसंत आहो काय मी?"

मधुसूदनानं बापाकडे पाहिलं. बाप पुडक्याकडे पाहत होता.

कौशल्येनं डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि बशा उचलायला लागली. वामनरावांच्या बशीत अर्धे आलुपोहे तसेच होते, वर चमचा. तिनं तीही उचलली.