मुळाकडची बाजू
कॅनडाहून जपानला आलेला कॅलम दोन वर्षं किसाबुरो सुताराच्या हाताखाली लाकडी घरं बांधायला शिकला आणि मायदेशी परतून उस्तादाने शोधलेल्या लाकूडजोडणीच्या सांध्याला स्वतःचं नाव चिकटवून बसला. आज फोनवर आपलं नवं घर दाखवत होता. “उस्ताद, हा मधला खांब! काही चुकलंय का?” किसाबुरोने चष्मा पुसला. शेंड्याकडे रोखलेली लाकडावरच्या रेषांची टोकं खाली, म्हणजे मुळाकडची बाजू वर. बुंधा खालीच हवा, हे तो शिष्यांना निरोपाच्या दिवशी सांगायचा. कॅलम निरोप न घेताच पळाला होता. किसाबुरोने फोनवर तळवा दाबला, तशी बायको कुजबुजली, “अहो, मेल्याने खांब उलटा उभा केलाय! जुनी माणसं म्हणतात तसं घर रात्ररात्र कण्हेल, त्याला झोपू देणार नाही. सांगा की!” “सांधा कुणाचा?” “तुमचा.” “आणि खांब?” ती हसली. त्याने हात काढला. “शाब्बास! या खांबालासुद्धा तुझंच नाव दे.”